आजोबांचा दाखला आणि आपले साहित्य

घर सोडून परदेशी जाणारा मुलगा, आखातातून येणारे पत्र, बोटीवर नोकरी करणारा बाप, घरी एकटी पडलेली आई ही पात्रे आपल्या ख्रिस्ती कथा-कवितांच्या वाचकाला चांगल्या ओळखीची आहेत. स्थलांतराविषयी आपल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. नागरिकत्वाविषयी मात्र फारसे लिहिलेले आढळत नाही. आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे जो मुलगा दुसऱ्या देशाचा नागरिक होतो, आपला भारतीय पासपोर्ट परत करतो आणि पुढे स्वतःच्याच गावी परदेशी म्हणून येतो, त्याची कथा अजून लिहिली जायची आहे. अशा माणसाविषयी आपण जे बोलतो त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक विलापाचा: गाव ओस पडला, घराला कुलूप लागले. दुसरा उपहासाचा: गोऱ्याच्या देशासाठी आजोबा विकला. हे दोन्ही सूर अपुरे का आहेत आणि चांगल्या साहित्याने या विषयाकडे कसे पाहिले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अहेरीसारख्या ठिकाणी बसून गोव्याच्या पासपोर्टाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. प्राणहितेच्या काठी राहणाऱ्या माणसाला लिस्बन आणि लंडन सारखीच दूर. परंतु आजोबांचा कागद शोधत फिरणारा नातू आमच्या भागालाही नवा नाही. त्याच्याकडे लेखाच्या उत्तरार्धात यावयाचे आहे. प्रथम ज्यांच्या बाबतीत हा प्रश्न उघडपणे उभा राहिला, त्या गोवेकर बांधवांची स्थिती समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्याची वंशावळ

गोवा, दमण व दीव हे प्रदेश १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने तेथील जनतेचे नागरिकत्व ठरले. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी कोणा एकाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात झाला असेल, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानला गेला. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. म्हणजे आजोबांचा आधार घेणारा पहिला कायदा पोर्तुगालचा नव्हे, तो आपलाच होता, ही गोष्ट उपहास करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. मात्र मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोवेकरांचा नागरिकत्वाचा हक्क त्या देशाच्या कायद्याने पुसून टाकला नाही. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून घेतला की तो माणूस, त्यानंतर त्याची मुले आणि पुढे नातवंडे पोर्तुगीज नागरिक होऊ लागली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात आले आणि या नोंदीने इंग्लंडचे दार उघडू लागले. लंडनच्या साउथॉल, हाउन्स्लो भागांत आणि विल्टशर परगण्यातील स्विंडन शहरात गोवेकरांच्या वसाहती वाढल्या त्या यामुळे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर हे दार नव्याने येणाऱ्यांना बंद झाले. त्यापूर्वी जे तेथे पोहोचले होते त्यांना राहण्याचा हक्क मिळवता आला व त्यांतील कित्येक पुढे ब्रिटिश नागरिक झाले.

ब्रिटनची स्वतःची रीत निराळी आहे. परदेशात जन्मलेल्याला वंशाने मिळणारे ब्रिटिश नागरिकत्व सामान्यतः एकाच पिढीपुरते चालते. आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तर राष्ट्रकुलातील नातवाला तेथे राहून काम करण्याची परवानगी मिळते, आणि नागरिकत्वाचा विचार पुढे होतो. म्हणून ज्यांचे पूर्वज कधी इंग्रजांची प्रजाही नव्हते असे गोवेकर पोर्तुगीज आजोबांच्या नोंदीवर इंग्लंडला पोहोचले, आणि ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजांच्या रेल्वेत व कचेऱ्यांत चाकरी केली असे अनेक जण दाराबाहेरच राहिले.

भारताचा नियम साधा व कठोर आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, तो भारताचा नागरिक राहत नाही. भारतीय आणि ब्रिटिश असे दोन पासपोर्ट खिशात ठेवून हिंडणारा दुहेरी नागरिक आपल्या कायद्याला मान्यच नाही. २००५ च्या दुरुस्तीने अशा व्यक्तींना परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू लागले. त्याने आयुष्यभर ये-जा करता येते, मात्र मतदान करता येत नाही, घटनात्मक पद भूषवता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांना दुहेरी नागरिकत्व चालते. परिणामी एखादा गोवेकर एकाच वेळी पोर्तुगीज व ब्रिटिश असू शकतो, परंतु ज्या मातीत त्याचे आजोबा पुरले आहेत त्या देशाचा नागरिक असू शकत नाही. कायद्याच्या या एका वाक्यात एका कादंबरीचे बीज आहे. आपल्या लेखकांनी ते उचललेले दिसत नाही.

संत लूकची कथनशैली

या विषयावरील उत्तम लेखनाचा नमुना शोधावयाचा तर फार लांब जावे लागत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' हा ग्रंथ आपण मिस्सेत ऐकतो, पण कथा म्हणून क्वचितच वाचतो. संत पॉल जन्माने यहुदी, तार्सस नगराचा नागरिक आणि रोमचाही नागरिक. आजच्या भाषेत बोलायचे तर तो दुहेरी नागरिक होता, आणि रोमचे नागरिकत्व त्याला वारशानेच मिळाले होते.

संत लूक ही माहिती वाचकाला केव्हा देतो, याकडे लक्ष द्यावे. तार्ससच्या शौलाची ओळख होते तेव्हा त्याने रोमचे नाव काढलेले नाही. सोळाव्या अध्यायात फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी पॉल आणि सिलास यांना चौकशीवाचून फटके मारले, तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप सोडून देण्याचा हुकूम पाठवला, तेव्हा कोठे पॉल आपण रोमी नागरिक असल्याचे सांगतो. फटके चुकवण्याची वेळ निघून गेलेली आहे. मग हे सांगण्याचा लाभ कोणाला? कथेतील पुढचीच कृती त्याचे उत्तर देते. अधिकारी स्वतः येऊन विनवणी करतात, आणि पॉल लगेच गाव न सोडता लुदियेच्या घरी जातो, तेथील नव्या बंधुजनांना भेटतो, धीर देतो आणि मग निघतो. ज्या छोट्या मंडळीला कसलेच संरक्षण नव्हते, तिच्याशी अधिकाऱ्यांनी पुढे जपून वागावे, एवढा उपयोग त्या नागरिकत्वाचा झाला. लूकने याचे स्पष्टीकरण दिलेले नाही. घटनांच्या क्रमातून ते कळते.

बाविसाव्या अध्यायात यरुशलेममध्ये पॉलला चाबकासाठी बांधतात. तो आपला हक्क सांगतो. सरदार म्हणतो की आपण पुष्कळ पैसे मोजून हे नागरिकत्व मिळवले, आणि पॉल सांगतो की आपण जन्मतःच नागरिक आहोत. विकत घेतलेले आणि वारशाने मिळालेले नागरिकत्व असे समोरासमोर उभे राहते. येथे एखादा सामान्य लेखक पॉलच्या कुळाचा इतिहास सांगत बसला असता. लूक पॉलच्या पूर्वजाचे नावही सांगत नाही. उलट पुढच्याच अध्यायात तो पॉलच्या बहिणीच्या मुलाला आणतो. या भाच्याचे नाव नाही, त्याच्या नागरिकत्वाचा उल्लेख नाही, पण कटाची बातमी गढीत पोहोचवून पॉलचा जीव तोच वाचवतो. सरदाराचे अधिकार आणि रोमचा कायदा यांच्या शेजारी लूकने हा एक पोरगा उभा केला आहे. नागरिकत्वाने पॉल चाबकातून वाचला, पण जीव वाचला तो नात्याने. या दोन गोष्टी लूक एकीच्या पाठोपाठ एक सांगतो आणि त्यांवर भाष्य करीत नाही.

स्वतः संत पॉलने आपल्या पत्रांत रोमी नागरिकत्वाचा उल्लेख केलेला नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपण तीनदा छड्यांचा मार खाल्ल्याचे तो सांगतो, आणि फिलिप्पै या रोमी वसाहतीतील ख्रिस्ती जनांना तो स्वर्गातील नागरिकत्वाची आठवण करून देतो. कागदाचा उपयोग करणारा आणि तरीही कागदावर आपली ओळख उभी न करणारा हा माणूस विलाप आणि उपहास या दोन्ही सुरांत बसत नाही. आपल्या कथालेखकांनी या प्रकरणांचा अभ्यास शैलीसाठीही करावा.

विल्टशरचा मराठी कवी

आज ज्या स्विंडनमध्ये साष्टी-बार्देशची कुटुंबे राहतात, त्याच विल्टशर परगण्यातील बुशटन या खेड्यात सोळाव्या शतकाच्या मध्यास थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. कॅथलिक श्रद्धेवर संकट आलेल्या इंग्लंडमधून तो रोमला गेला, येशूसंघात दाखल झाला, लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरला. पुढची चाळीस वर्षे त्याने मुख्यतः साष्टीत काढली. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या साहित्याचा पाया मानला जातो.

आपल्या सभा-संमेलनांत स्टीफन्सचा गौरव नित्य होतो, पण एका वेगळ्या दृष्टीने त्याच्याकडे पाहिले गेलेले नाही. स्टीफन्स इंग्रज जन्माचा, पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने राहणारा आणि मराठीत लिहिणारा होता. १५८० पासून पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते आणि स्पेन व इंग्लंड यांचे वैर वाढत होते. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच व त्यांचे दोन साथीदार असे चार इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांच्या सुटकेसाठी जामिनाची खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होता. हे व्यापारी कॅथलिक नव्हते. त्यांच्याशी जवळीक दाखवणे त्याला सोयीचेही नसावे. येथेही प्रश्न तोच येतो: ज्याला आत स्थान आहे, तो बाहेर उभ्या असलेल्यासाठी काय करतो?

स्टीफन्सचे मराठीतील स्थान वंशाने आलेले नाही. त्याचा आजोबा मराठी नव्हता. त्याने ही भाषा शिकली, तिची थोरवी ओळखली आणि तिला आपले आयुष्य दिले. ज्या साहित्याची सुरुवात अशा माणसाने केली, त्या साहित्याने 'आपला' आणि 'परका' हे शब्द वापरताना जरा थांबावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर ठरणार नाही. गोव्याहून विल्टशरला गेलेल्या कुटुंबाला आपण लगेच परके ठरवू नये. त्यांची मुले तेथील भाषेत काही लिहितील, तर तो उलट्या दिशेने झालेला त्याच वाटेचा प्रवास असेल.

आजोबांवाचून नागरिक

विसाव्या शतकात नागरिकत्वाच्या प्रश्नाला थेट भिडणारा गोवेकर लेखक म्हणून पीटर नाझरेथचे नाव घ्यावे लागेल. त्याचा जन्म १९४० मध्ये युगांडात झाला. त्याची पहिली कादंबरी 'इन अ ब्राउन मँटल' १९७२ मध्ये आली आणि दुसरी 'द जनरल इज अप' प्रथम १९८४ मध्ये कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपने काढली. दोन्ही इंग्रजीत आहेत. आपल्या वाचकांत त्यांची चर्चा फारशी झालेली नाही.

त्यांची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश अमलाखाली गोवेकर कारकून, शिक्षक, शिंपी म्हणून गेले होते. देश स्वतंत्र झाल्यावर पुष्कळ भारतीय वंशाच्या लोकांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होते. परंतु १ मार्च १९६८ पासून अमलात आलेल्या कायद्याने ब्रिटनने असे ठरवले की पासपोर्ट असला तरी स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म वा नोंदणी ब्रिटनमधील असल्याखेरीज मुक्त प्रवेश नाही. हा कायदा संसदेत अवघ्या तीन दिवसांत संमत झाला. त्यात रंगाचा शब्द नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. ते काम आजोबांच्या अटीने केले.

४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला व त्यांना ९० दिवसांची मुदत मिळाली. ज्यांनी युगांडाचे नागरिकत्व घेतले होते त्यांच्या कागदांची तपासणी झाली. नवे नागरिकत्व घेताना ब्रिटिश नागरिकत्वाचा त्याग ठराविक मुदतीत नोंदवावा लागत असे. तो उशिरा नोंदला गेला, अशा तांत्रिक कारणांवरून अनेकांचे नागरिकत्व नाकारले गेले. सुमारे २७ हजार माणसे ब्रिटनला पोहोचली. दोन नागरिकत्वे चालणार नाहीत, या नियमाने कित्येकांना एकही नागरिकत्व उरू दिले नाही.

'द जनरल इज अप' या कादंबरीतील देश काल्पनिक आहे, त्याचे नाव डामिबिया. तेथील जनरलला स्वप्नात देवाची आज्ञा होते आणि एक समाज देशाबाहेर काढला जातो. माझ्या मते या कादंबरीचे मर्म याच विरोधात आहे: राज्य एका स्वप्नाच्या आधारे चालते, आणि साध्या कारकुनाकडे मात्र शिक्का मारलेली पावती मागते. सत्तेला पुरावा लागत नाही, प्रजेला लागतो. नाझरेथ हे उपरोधाने दाखवतो आणि उपरोध करताना आपल्या समाजालाही सोडत नाही. गोवेकरांचे क्लब, त्यांतील प्रतिष्ठेच्या पायऱ्या, स्थानिक आफ्रिकी माणसापासून राखलेले अंतर हे सारे त्याच्या नजरेखालून जाते. नैरोबीत गोवेकर शिंप्यांची संस्था निराळी असे, हा इतिहास आहे. कचेरीतील गोवेकर आणि शिवणयंत्रावरचा गोवेकर एका धर्मग्रामातले असूनही एका क्लबात बसत नव्हते. हाकलण्याची वेळ आली तेव्हा मात्र दोघे एकाच रांगेत आले.

उपरोधाला त्याची मर्यादा असते. तो अधिकाऱ्याला चांगला पकडतो, रांगेतल्या म्हातारीला तितका पकडू शकत नाही. तरीही नाझरेथने जे केले ते आपल्याकडे कोणी केलेले नाही. त्याने आपल्या समाजाला केवळ बळी म्हणून रंगवले नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोही कोणाला दाराबाहेर ठेवीत होता, हे सांगण्याचे धैर्य त्याच्या लेखनात आहे.

आखाताची कथा येथे पुरत नाही

मराठी वाचकाला जवळची अशी कादंबरी म्हणजे दामोदर मावजो यांची कोंकणी 'कार्मेलीन'. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. लेकीच्या भवितव्यासाठी कुवेतला आया म्हणून जाणारी गोमंतकीय स्त्री तिची नायिका आहे. मावजो हे हिंदू लेखक, परंतु कॅथलिक घराचे अंतरंग त्यांनी ज्या आपुलकीने आणि नेमकेपणाने उभे केले, त्याला तोड नाही. जाणाऱ्या स्त्रीला त्यांनी दोषी ठरवले नाही आणि देवताही केले नाही. तिने सोसलेली किंमत तेवढी मांडली.

तथापि आखाताच्या कथेची घडण पासपोर्टाच्या कथेला लागू पडत नाही. आखाती देश कामकऱ्याला सहसा नागरिकत्व देत नाहीत. करार संपला की परत यावेच लागते. म्हणून ती कथा वर्तुळाकार असते: जाणे, कष्टणे, पेट्या घेऊन परतणे. आपल्या पुष्कळशा कथा याच साच्यात लिहिल्या गेल्या. वंशाच्या आधारे नागरिकत्व घेणाऱ्याचे तसे नसते. त्याला परत यावे लागत नाही. तो येतो तेव्हा इच्छेने येतो आणि कार्ड दाखवून येतो. घरातील आजी भारतीय, मुलगा पोर्तुगीज, नातू ब्रिटिश, असे एकाच जेवणाच्या मेजावर तीन देश बसतात. मतदानाच्या दिवशी त्यांतली एकटी आजी केंद्रावर जाते. या घराची कथा परतीच्या वाटेवर संपवता येत नाही, आणि विलापाच्या सुरात तर ती सुरूही होत नाही, कारण येथे कोणी मेलेले नाही.

ब्रिटिश वंशाच्या बाबतीत अशी एक उत्तम कलाकृती चित्रपटाच्या रूपाने झाली आहे. अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन' (१९८१) मध्ये व्हायोलेट स्टोनहॅम ही अँग्लो-इंडियन शिक्षिका कलकत्त्यातच राहते, आणि भाची ऑस्ट्रेलियाला निघून जाते. चित्रपट गेलेल्यांच्या मागे जात नाही, मागे राहिलेल्या बाईचे एकटेपण दाखवतो. मागे राहणे हाही एक निर्णय असतो, तो कधी मनापासून घेतला जातो आणि कधी नुसता घडून जातो, हे त्यातून कळते. मराठीत अशी व्हायोलेट मला भेटलेली नाही. वसईच्या वाड्यांत, नागपूरच्या रेल्वे वसाहतीत ती असलीच पाहिजे.

अहेरीचा आजोबा

आता आमच्या भागाकडे वळू. अहेरीच्या माणसाला परदेशी पासपोर्टासाठी आजोबांचा कागद लागत नाही. त्याला तो जातीच्या दाखल्यासाठी आणि जमिनीसाठी लागतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार बिगर-आदिवासी वननिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे वसवली गेली. त्यांच्या आजोबांचे कागद असलेच तर ते सीमेपलीकडच्या गावाचे असणार. आणि येथे पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या माडिया कुटुंबाची स्थिती तरी काय? ज्या आजोबाने शाळा पाहिली नाही, त्याचा शाळेचा दाखला कोठून आणावा?

त्या आजोबाच्या आयुष्यात एक विलक्षण गोष्ट घडली आहे. तो जन्मला तेव्हा हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० मध्ये तो मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला. गोव्याच्या आजोबांप्रमाणे अहेरीचा आजोबाही जागचा हलला नाही, हलल्या त्या हद्दी. एकाचा नातू त्या कागदावर दूर जाऊ पाहतो, दुसऱ्याचा नातू त्याच जातीच्या कागदावर आहे तेथेच राहू पाहतो. दोघांनाही खिडकीवर एकच प्रश्न विचारला जातो: नावाचे स्पेलिंग, आडनाव, तारीख जुळते का? गोव्यात एकाच माणसाचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, आणि आमच्याकडे गोंडी नाव हिंदी कारकुनाने, तेलुगू व्यापाऱ्याने आणि मराठी गुरुजींनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेले असू शकते.

परंतु वनहक्काच्या नियमांत एक तरतूद आहे, ती साहित्यिकांनी वाचावी अशी आहे. २००८ च्या नियमांनुसार दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे तोंडी निवेदन लिहून घेऊन तेही पुरावा म्हणून दाखल करता येते. अमुक टेकडीखाली याच्या आजाचे शेत होते, अमुक झाडाखाली त्याला पुरले, असे म्हातारा सांगतो आणि कायदा ते ऐकून घेतो. लिस्बनच्या कार्यालयात अशी सोय नाही. शिक्का नसलेल्या माणसालाही आठवण असते आणि ती आठवण प्रमाण असू शकते, हे तत्त्व एका वनविषयक कायद्याने मान्य केले. साहित्याने ते कधीच मान्य करावयास हवे होते.

नोंदवहीतील दुर्लक्षित रकाना

शेवटी आपल्याच घरातील एका ग्रंथाविषयी बोलले पाहिजे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने विवाह आणि स्नानसंस्कार यांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त चर्चला लावली. त्या शिस्तीमुळे गोव्याच्या धर्मग्रामांत नोंदवह्या राहिल्या आणि त्यांतूनच आज कित्येक नातवंडे आपले पूर्वज शोधतात. पोर्तुगीज हस्ताक्षरातील त्या ओळी नागरिकत्वासाठी वाचणारा माणूस बाळाचे नाव, आईबापांचे नाव आणि तारीख तेवढी उतरवून घेतो. परंतु त्याच नोंदीत धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावे असतात. अर्जाला त्यांची गरज पडत नाही. कोणतेही सरकार धर्मपित्याच्या नात्याने नागरिकत्व देत नाही.

माझा आक्षेप आपल्या साहित्यावर हाच आहे. आपणही त्या नोंदीतला रक्ताचा रकाना तेवढा वाचला. कोण कोणाचा मुलगा, कोण गेला, कोण राहिला एवढेच पाहून आपण विलाप केला किंवा उपहास केला. साक्षीला उभे राहिलेल्यांचा रकाना आपण वाचलाच नाही. ज्या शेजाऱ्याने बाळ हातात धरले, ज्याच्याजवळ आज कोणताही पासपोर्ट नाही, त्याचे गेलेल्या माणसाशी काय नाते उरले? गेलेला माणूस त्याच्यासाठी काय करतो? लुदियेच्या घरी जाऊन मगच निघणारा पॉल, तुरुंगातील परक्यांसाठी धडपडणारा स्टीफन्स, आपल्याच क्लबाचा दरवाजा तपासणारा नाझरेथ हे तिघे या रकान्याकडे पाहतात, म्हणून ते वाचनीय ठरतात. जाणे पाप नाही आणि राहणे पुण्य नाही. दोन्हींचा कस या नात्यावर लागतो.

आपल्या त्रैमासिकाच्या तरुण लेखकांनी या विषयाला हात घालावा. सुरुवात लहान असावी. आपल्या धर्मग्रामातील एका म्हाताऱ्या व्यक्तीला तिच्या आजोबांविषयी विचारावे: ते काय काम करीत, कोणत्या भाषेत रागावत, त्यांच्या स्नानसंस्काराला साक्षीदार कोण होते, आणि त्या साक्षीदारांची नातवंडे आज कोठे आहेत. हे वसईत विचारता येईल, मडगावात विचारता येईल आणि अहेरी-आलापल्लीतही विचारता येईल. केरळातून येथे आलेल्या धर्मभगिनीला विचारले तर परदेशी रुग्णालयात काम करणाऱ्या तिच्या भावंडांची हकीकतही कळेल. उत्तरे लिहून ठेवावीत, त्यांवर घाईने निकाल देऊ नये. कार्यालयांना आजोबा हा पुरावा म्हणून हवा असतो, आणि ते त्यांचे कामच आहे. तो माणूस म्हणून कसा होता, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांचे वय मात्र आता फार झाले आहे.